दुमडीतली मतं

मित्रांनो, शाळेची घंटा वाजवायला मिळाली तर माणसाचा फायदा किती, ते आधी मोजून घेऊ. गणिताचा तास ऐन रंगात आला, म्हणजे बाईंचं बोट आपल्या बाकापर्यंत येऊन पोचलं, की ऐटीत उठायचं आणि ‘बाई, वेळ झाली’ म्हणून वर्गाबाहेर पडायचं. सगळी शाळा बसलेली असताना मोकळ्या व्हरांड्यातून एकट्यानं चालत जायचं. लाकडी टोला उचलायचा आणि पितळेच्या जाड तबकडीवर असा ठोका द्यायचा, की मोठ्या बाईंचं वाक्यसुद्धा अर्ध्यात थांबावं. सात वर्षांच्या माणसाला याहून मोठं पद या जगात नाही. तोट्याची बाजूही मी शोधून पाहिली. तेव्हा तरी सापडली नाही.

हे सांगणारा मी कोण, असं तुम्ही विचाराल. मी पडदा. जाड हिरव्या कापडाचा होतो; आता रंग शिळ्या पालेभाजीसारखा झालाय, पण वीण अजून घट्ट आहे. वर लोखंडी कड्या, खाली चार बोटं रुंद दुमड. ती दुमड लक्षात ठेवा. सगळा घोटाळा तिच्यातच झाला.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. कुणा गिऱ्हाइकानं कोटासाठी कापड आणलं, माप दिलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. शिंपी बरीच वर्षं वाट बघत बसला. शेवटी म्हणाला, “कोट नाही तर नाही, पडदा तर होईल!” आणि कपडे घालून बघायच्या कोपऱ्याला त्यानं मला टांगलं. फुकटच्या कापडावर जास्त दोरा कशाला घालवा, म्हणून खालची दुमड लांब लांब टाक्यांनी शिवली. शिंपी गिऱ्हाइकाच्या कपड्याला कधी फसवत नसे. मला मात्र फसवलं.

त्या कोपऱ्यात मी माणसं पुष्कळ पाहिली. बाहेर ‘मला कुठं काय नटायचंय’ म्हणणारे आजोबा आत येऊन तीन तीनदा मागं वळून आपली पाठ बघायचे. बाहेर शिंप्याला ‘सैलच शिवा हो, त्यांना सैलच आवडतं’ म्हणणाऱ्या काकू, आणि आत पोट आत ओढून श्वास धरून उभे असलेले काका! मी सगळं पाहिलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकं शिंप्याला म्हणायची, “कापड बाकी झकास आहे हो पडद्याचं. आरपार काही दिसत नाही.” एवढीच काय ती माझी स्तुती. पण पडद्याला याहून मोठी स्तुती कुठली असणार?

पुढे शिंप्यानं त्या कोपऱ्याला आरसा लावलेलं दार बसवलं आणि मी गठ्ठ्यात गेलो. तेवढ्यात त्याची धाकटी बहीण दुकानात आली. ती शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायची.

“दादा, एखादा जुना पडदा आहे का रे? मुलांचं मतदान घ्यायचंय.”

“कुणाचं?”

“दुसरीच्या मुलांचं.”

“अगं छोटे, ज्यांना अजून बूट उजवा कुठला नि डावा कुठला कळत नाही, ती काय मतं देणार?”

“बूट तुलाही कळत नव्हते, चौथीपर्यंत. पडदा देतोस का जाऊ?”

शिंप्यानं मला झटकून तिच्या खांद्यावर टाकलं. “ने. भावाची आठवण म्हणून ने.” टाकून द्यायची वस्तू आठवण म्हणून दिली की दोन्हीकडून फायदा. हा हिशेब भावांना जन्मतः येतो.

शाळेत त्या वर्षी शिपाईकाकांचा खांदा धरला होता. हात वर जाईना. मोठ्या बाई म्हणाल्या, वर्षभर घंटा दुसरीतलं कुणीतरी वाजवेल. झालं! वर्गात एकच कल्ला उठला. प्रत्येकालाच घंटा हवी. बाईंनी फळ्यावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, “आरडाओरडा करून घंटा मिळत नाही. आपण निवडणूक घेऊ.”

उभं राहायचं धाडस दोघांनाच झालं. एक भोपू. त्याचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण ते हजेरीपटाखेरीज कुणी वापरत नसे. हा मुलगा कानात सांगायला लागला तरी शेजारच्या वर्गाला ऐकू जायचं. दुसरी मुंगी. अंगानं बारकी, कामाला चिवट, आणि बोलताना शब्द अडायचे. “बाई, मला पा... पा...” एवढं ती म्हणेपर्यंत चारही बाजूंनी “पाणी!”, “पाटी!”, “पायमोजा!” असा मदतीचा वर्षाव व्हायचा. त्यात भोपूचा आवाज सगळ्यात पुढे. मनानं वाईट नव्हता हो तो. दुसऱ्याचं वाक्य रस्त्यात पडलेलं दिसलं की त्याच्यानं ते उचलल्याशिवाय राहवत नसे, इतकंच.

प्रचाराला दोन दिवस होते. भोपू बाकावर उभा राहून म्हणाला, “मला मत दिलंत तर मधली सुट्टी लवकर होईल आणि उशिरा संपेल!” टाळ्या पडल्या. बाईंनी विचारलं, “घंटा वाजवणाऱ्याला वेळ बदलता येते का?” भोपू म्हणाला, “नाही बाई, पण बोलायला काय जातं?” बाईंना हसू दाबायला खडू शोधावा लागला. मग त्या म्हणाल्या, “कुणी काय आश्वासन दिलं, ते त्याला जमणारं आहे का, हे बघून मत द्यायचं असतं बरं का.” मुंगीची पाळी आली. ती उभी राहिली. सगळ्यांनी श्वास धरला. तिचे ओठ हलले, “मी वेळेव...” आणि तीन-चार जण ओरडले, “वेळेवर!” मुंगी खाली बसली. तिचा प्रचार संपला.

मतदानाच्या दिवशी बाईंनी मला कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये दोरीवर टांगलं. मागं एक स्टूल, स्टुलावर पेन्सिल. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक भोंगा आणि एक मुंगी. हव्या त्या चित्राखाली फुली मारायची. मतपेटी म्हणून बाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरातली काचेची मोठी बरणी घासूनपुसून आणली होती. तिच्यावर त्यांचा फार जीव. “यात लपवाछपवीला जागाच नाही,” असं त्या शिपाईकाकांना कौतुकानं सांगत होत्या. बरणी त्यांच्या टेबलावर, सगळ्यांसमोर.

मग त्यांनी मुलांना समजावलं. अगदी गोड समजावलं. “मत गुप्त असतं. आपण काय लिहिलं ते कुणालाही दाखवायचं नाही. मैत्रिणीला नाही, भावाला नाही, मला तर मुळीच नाही. कळलं?”

“होऽऽ बाई!”

मित्रांनो, वर्गात दोन जातीची मुलं असतात. काही बाई काय करतात ते बघतात. काही बाई काय म्हणतात ते ऐकतात. बघणाऱ्यांनी पाहिलं होतं, की बाईंनी एक कोरी चिठ्ठी बरणीत टाकून दाखवली. ती मुलं माझ्यामागं आली, फुली मारली, चिठ्ठी जेमतेम दुमडली आणि जाऊन बरणीत टाकली. काचेतून अर्ध्या चिठ्ठ्या उघड्या पडलेल्या दिसायला लागल्या. भोंगा दिसत होता, मुंगी दिसत होती, फुली दिसत होती.

ऐकणारी मुलं रांगेत उभी राहून हे बघत होती आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाई तर म्हणाल्या कुणाला दाखवायचं नाही, मला तर मुळीच नाही! आणि ही बरणी बाईंच्या नाकासमोर! पहिली आज्ञाधारक मुलगी माझ्यामागं आली. तिनं फुली मारली, चिठ्ठीची घडी घालून घालून तिचा चणा केला, बरणीकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि मग तिला माझी दुमड दिसली. शिंप्याचे ते कंजूष टाके एका जागी उसवले होते. तिनं चिठ्ठी आत सारली आणि सुटकेचा निःश्वास टाकून रिकाम्या हातानं बाहेर गेली. बरणीपाशी जाऊन टाकल्यासारखं केलं, म्हणजे बाईंना वाईट वाटायला नको. पुढच्या मुलाला दुमडीतून कागदाचं टोक डोकावताना दिसलं. त्याला वाटलं, गुप्त मतांची जागा हीच असणार. एकामागून एक सगळी शहाणी बाळं माझ्या पोटात मतं ठेवून गेली. मला तर गुदगुल्या होत होत्या.

आणि गंमत ऐका. खुद्द मुंगीनंही आपलं मत बरणीत टाकलं नाही. तिनंही ते दुमडीतच ठेवलं. उमेदवार असली म्हणून काय झालं, बाईंचं ऐकायला नको?

चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा त्या मुलांपेक्षा कमी भरल्या. बाईंच्या कपाळाला आठी पडली. पण मोठ्या बाई दारात उभ्या, पुढचा तास सुरू व्हायचा, शिपाईकाका खांदा चोळत थांबलेले. “केली असतील कुणी चिठ्ठ्यांची विमानं,” असं बाई पुटपुटल्या. घाईत माणसाला थोडंसुद्धा पुरेसं वाटतं. भोपूला आठ, मुंगीला सात. भोपू निवडून आला!

त्याला शिपाईकाकांनी टोला दिला. त्यानं असा ठोका दिला की खिडकीवरची चिमणी उडाली. सगळे नाचले. मुंगीनं टाळ्या वाजवल्या, नीट, मनापासून, आणि मग वहीवर डोकं ठेवून बसली. बाईंना वाटलं, दमली असेल.

भोपूनं घरी जाऊन काय केलं ते मी पाहिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेच्या फाटकाशी उभी होती. घंटा झाली की शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणायची, “आमचा आहे तो, आमचा!” म्हणजे बघा, फायद्यात आता आजीसुद्धा भागीदार झाली होती.

त्यानंतर एकदा मधल्या सुट्टीत भोपू लपाछपी खेळताना माझ्यामागं येऊन उकिडवा बसला. बोटाला चाळा हवा म्हणून दुमडीत बोट घातलं. एक चिठ्ठी निघाली. मग दुसरी. मग सगळा खजिना. त्यानं एकेक उघडली. मुंगी. मुंगी. भोंगा. मुंगी. मुंगी. भोपूची बेरीज कच्ची होती. बाईंनी वहीत तसं लाल अक्षरात लिहिलंही होतं. त्या दिवशी मात्र बेरीज पहिल्या झटक्यात बरोबर आली. त्यानं घाईघाईनं सगळ्या चिठ्ठ्या परत आत कोंबल्या आणि खेळ सोडून निघून गेला.

आता बघा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फक्त त्याला आणि मला. मी बोलणारा नव्हे. तो गप्प बसला तर टोला त्याचा, व्हरांडा त्याचा, फाटकाशी उभी असलेली आजी त्याची. गप्प बसणं हे एवढंच भांडवल लागणार होतं आणि बिचाऱ्याकडे नेमकं तेच नव्हतं. घंटा तो वाजवायचा, पण तिचा आवाज आता सर्दी झाल्यासारखा यायचा. शिपाईकाका म्हणालेसुद्धा, “काय रे, जेवला नाहीस का?”

शेवटी एका सुट्टीत सगळे मैदानावर पळाले तेव्हा मुंगी वर्गात एकटी डबा खात बसली होती. भोपू आला आणि तिच्यापुढं उभा राहिला.

“ए, तुला घंटा कशाला हवी होती गं? तुझा हात तरी पोचतो का?”

“स्टू... स्टू...”

भोपूचं तोंड उघडलं होतं. कसं कोण जाणे, ते त्यानं मिटलं.

“...स्टूल घेतलं असतं,” मुंगी म्हणाली. मग तिनं डब्याचं झाकण लावलं. “मी बोलले की सगळे म... मधेच पुरं करतात. घंटा कुणी मधेच पुरी करत नाही.”

वर्गात मी, ती आणि तो. भोपू गप्प उभा राहिलेला त्याच्या आयुष्यात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग एकदम, नळाला पाणी यावं तसा त्याला आवाज फुटला.

“तू हरलीच नाहीस! इकडं ये! हे बघ, हे बघ!” त्यानं मला असं ओढलं की वरच्या दोन कड्या तुटल्या. दुमडीतल्या चिठ्ठ्या जमिनीवर सांडल्या.

मुंगीनं वाकून एक उचलली, चण्याएवढी घडी केलेली. “ही माझी,” ती म्हणाली.

“तुझी? वेडी आहेस का? बरणीत टाकायची ना!”

“बाई म्हणाल्या, कुणाला दा... दाखवायची नाही.”

“अगं पण तू उमेदवार होतीस!”

यावर मुंगीला हसू आलं. मग भोपूलाही आलं. दोघं चिठ्ठ्यांमध्ये बसून पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर भोपूचा चेहरा पडला. “आता बाईंना सांगशील?”

“तू सांग,” मुंगी म्हणाली. “मला वेळ लागतो. सु... सुट्टी संपेल. आणि घंटा तुलाच द्यायचीय.”

भोपूनं जाऊन घंटा दिली. तिचा आवाज कसा आला, ते मला आज सांगवत नाही. परत येऊन त्यानं बाईंना सगळं सांगितलं. त्याच्या पद्धतीनं सांगितलं, म्हणजे शेजारच्या तिसरीलाही कळलं.

बाईंनी चिठ्ठ्या हातात घेतल्या. “ह्या इथं कुणी ठेवल्या?”

सगळा वर्ग बाकावरच्या रेघा मोजायला लागला. शेवटी मागून एक बारीक आवाज आला, “बाई, ते गुप्त आहे.”

बाई आधी हसल्या आणि मग खुर्चीवर बसूनच राहिल्या. आपलं काय चुकलं ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. मोठ्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, “अहो, लहान मुलांचा खेळ आहे. ह्या चिठ्ठ्या त्यात मिळवा, मुंगीला घंटा द्या आणि मोकळ्या व्हा.”

मुंगीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं. बाईंनाही दिसलं. तरी त्या म्हणाल्या, “नाही. ह्या चिठ्ठ्या कितीतरी दिवस पडद्यात उघड्यावर होत्या. यात कुणी भर घातली नाही, कुणी काढल्या नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून ह्या मोजता येणार नाहीत. पण चूक मुलांची नाही, माझी आहे. म्हणून बरणीतल्याही आता धरायच्या नाहीत. पुन्हा मतदान.”

“मग माझं काय?” भोपू ओरडला. “मी तर खरं सांगितलं ना!”

“हो रे राजा,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच तर टोला टेबलावर ठेवायचा.”

त्यानं ठेवला. ठेवल्यावर पुसला, सदऱ्याच्या टोकानं. मग जागेवर जाऊन बाकाखाली काहीतरी शोधत बसला. बराच वेळ त्याला ते सापडेना.

दुसऱ्या दिवशी शिंपी सुईदोरा घेऊन शाळेत आला. “छोटे, तुझ्या निवडणुकीला टाके घालायला मला यावं लागलं बघ!”

“टाके तुझेच उसवले होते दादा,” बाई म्हणाल्या. यावर तो खाली बसला आणि त्यानं मला बारीक, घट्ट टाके घातले, जसे गिऱ्हाइकाच्या कोटाला घालतात तसे. बरणीला खाकी कागद चिकटवला गेला. बाईंनी पुन्हा समजावलं, या वेळी हातांनी करून दाखवत. “चिठ्ठीवर तुमचं नाव नसतं. मी बरणी अशी हलवणार. मग मला चिठ्ठी दिसेल, पण ती कुणाची ते कळणार नाही. मलाच काय, कुणालाच नाही. म्हणून न घाबरता टाका.” मुलांनी बरणी स्वतः हलवून पाहिली, आत डोकावून पाहिलं, आणि मग त्यांचा विश्वास बसला. विश्वास असाच बसतो, हलवून पाहिल्यावर.

भोपू माझ्यामागं सगळ्यांत जास्त वेळ उभा होता. पेन्सिल एका चित्रावर नेली, मागं घेतली, पुन्हा नेली. त्यानं फुली कुठं मारली ते मी पाहिलं. तुम्ही कितीही लाडीगोडी लावा, मी सांगणार नाही. ते सांगितलं तर मी पडदा कसला, नुसता फडका झालो.

चिठ्ठ्या जितकी मुलं तितक्या भरल्या. मुंगी निवडून आली. ती स्टूल घेऊन व्हरांड्यातून गेली, वर चढली आणि घंटा दिली. पूर्ण दिली, शेवटच्या ठोक्यापर्यंत. मधे कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ निवडणुका पाहिल्या. एका वर्षी एक बाबा कौतुकानं आपल्या लेकीचं मत बघायला माझ्यावरून डोकावले, तर त्या एवढ्याशा पोरीनं हातानं कागद झाकला आणि म्हणाली, “बाबा, बाहेर.” असा आनंद झाला मला! पुढे त्या बाई निवृत्त झाल्या, मी सामानाच्या खोलीत चटयांखाली जाऊन पडलो. उंदरांनी एक कोपरा खाल्ला. कुणी माझ्यानं सांडलेली शाई पुसली. आता नव्या बाईंनी मला शोधून धुतलंय आणि पुन्हा दोरीवर टांगलंय, म्हणून हे बोलायला मिळालं.

मित्रांनो, मला धुवा, वाळवा, उंदरांपासून जपा. तेवढं तर करालच. पण त्याहून एक मागणं आहे. कुणी माझ्यामागं उभं असलं तर डोकावू नका, त्याला घाई करू नका, त्याचं मत आपल्या तोंडानं पुरं करू नका. आणि मोजताना कमी भरलं तर ‘केली असतील विमानं’ म्हणून पुढं जाऊ नका. थांबा, शोधा.

आता राहिला त्या वर्षीचा हिशेब. तोही मांडून टाकतो. शिंप्यानं एक दोरा दिला आणि भावाच्या उपकाराचं तुणतुणं कायमचं बंद केलं. बाईंनी पालकांच्या सभेत उभं राहून ‘चूक माझी होती’ असं सगळ्यांदेखत सांगितलं. ते त्यांना स्वस्तात पडलं नाही, कान लाल झाले होते. मुंगीला घंटा मिळाली, पण वर्षभर प्रत्येक खेळ रंगात आला की तिलाच आधी निघावं लागलं. ती तोट्याची बाजू मला तेव्हा कुठं सापडली. वर्गातल्या बाकीच्यांनी एकेक चिठ्ठी दिली.

भोपूनं हातातला टोला दिला. आणि संध्याकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या आजीला ते त्यालाच सांगावं लागलं. त्या एका दिवशी, अगदी हळू आवाजात.